पेपर रिव्ह्यूला न जाताच परत येतोय? मग या क्रमाने तपासा

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सिमिलॅरिटी, म्हणजे मजकूर आधी छापलेल्या लिखाणाशी किती जुळतो, ते तपासायचं सॉफ्टवेअर आमच्याकडे असल्यामुळे पीएचडी करणारी मुलं येतात, प्रमोशनसाठी पेपर हवा असलेले प्राध्यापक येतात, कधी शेजारच्या कॉलेजातलेही येतात. तक्रार ठरलेली: "सर, आठ दिवसांत रिजेक्ट. कारणसुद्धा धड दिलेलं नाही." त्यानंतर बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करून बसलेले असतात. एक तर सगळा पेपर नव्याने लिहायला घेतलेला असतो, नाहीतर तोच पेपर आहे तसा पुढच्या जर्नलला धाडलेला असतो.

दोन्हीची घाई नको. आठ दिवसांत परत आलेल्या पेपरमधलं संशोधन बहुधा कोणी नीट वाचलेलंच नसतं. एडिटरने शीर्षक, गोषवारा, पहिलं पान आणि संदर्भयादी चाळून निर्णय घेतलेला असतो, किंवा त्याच्याही आधी ऑफिसातल्या माणसाने फाईल परत पाठवलेली असते. म्हणजे बिघाड संशोधनाच्या अलीकडे कुठेतरी आहे. तो बाहेरून आत शोधत जायचा. फुकटातली आणि दहा मिनिटांची तपासणी आधी, महिनाभर खाणारी सगळ्यात शेवटी.

लक्षणं

खालीलपैकी एखादं जुळत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- सबमिट केल्यापासून दोन दिवस ते दोन-तीन आठवड्यांत नकार. मेलमध्ये "आमच्या वाचकांसाठी योग्य नाही", "आमच्याकडे फार पेपर येतात" अशी गुळगुळीत वाक्यं. रिव्ह्यूअरचा, म्हणजे पेपर तपासणाऱ्या विषयतज्ज्ञाचा, एकही शेरा नाही.
- पोर्टलवर स्टेटस "विथ एडिटर" होतं, तिथून थेट "रिजेक्टेड" झालं. "अंडर रिव्ह्यू" कधी दिसलंच नाही.
- स्टेटस "सेंट बॅक टू ऑथर" किंवा "इनकम्प्लीट" आहे. हा नकार नव्हे, पण लोक नकार समजून पेपर सोडून देतात.
- नकारासोबत "आमच्याच दुसऱ्या जर्नलला वर्ग करू का?" अशी विचारणा. ते दुसरं जर्नल बऱ्याचदा पैसे घेऊन छापणारं असतं.
- उलटं लक्षण: दोन दिवसांत स्वीकृती, अभिनंदनाचं पत्र आणि सोबत फी भरण्याचा क्यूआर कोड. याचा आनंद मानू नका. हा जास्त गंभीर आजार आहे, तपासणी दोन आधी वाचा.

तीन-चार महिन्यांनी, दोन-तीन रिव्ह्यूअरच्या सविस्तर शेऱ्यांसकट नकार आला असेल, तर तो वेगळा विषय आहे. तिथे कोणीतरी पेपर वाचलाय. ते शेरे घेऊन गाईडसमोर बसा, इथे वेळ घालवू नका.

तपासणी एक: मेल, तारीख आणि कोणाचा इनबॉक्स

सबमिट केल्याची तारीख आणि उत्तराची तारीख कागदावर लिहा. पेपर कुठे अडला ते या दोन तारखांवरून बरंचसं कळतं. एक-दोन दिवसांत आला तर फाईल, घोषणापत्रं, शब्दमर्यादा किंवा सिमिलॅरिटी. आठवडा ते तीन आठवड्यांत आला तर एडिटरने पाहिलाय: विषय बसत नाही, किंवा नवीन काय ते दिसलं नाही. सहा-आठ आठवड्यांनी शेऱ्यांशिवाय आला तर कदाचित रिव्ह्यूअर मिळाले नाहीत. तो दोष तुमचा असेलच असं नाही.

मग पाहायचं की पत्रव्यवहारासाठी कोणाचा मेल दिलाय. आपल्याकडे आदरापोटी गाईडचा देतात. वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी आली होती, पेपर सहा महिने "रिव्ह्यूत" आहे म्हणून. गाईड सरांचा कॉलेजचा मेल तिथेच माझ्या टेबलावरच्या संगणकावर उघडला. पहिल्याच आठवड्यात पेपर परत आलेला, कारण एथिक्सच्या रकान्यात काही भरलं नव्हतं. मग दोन स्मरणपत्रं आणि शेवटी "प्रतिसाद न आल्याने मागे घेतला" असा मेल. सरांनी तो इनबॉक्स उघडलाच नव्हता. पेपरमध्ये एक अक्षर न बदलता, तो रकाना भरून पुन्हा पाठवला आणि तो रिव्ह्यूला गेला.

तेव्हा स्पॅम पाहा, गाईडचा मेल पाहा आणि पोर्टलवर स्वतः लॉगिन करून स्टेटस पाहा. यापुढे स्वतःचा, संस्था बदलली तरी टिकणारा मेल द्या. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक, काढून ठेवा, फुकट आहे. पाटील, कुलकर्णी, शिंदे या नावांची माणसं इतकी आहेत की तो नसेल तर दुसऱ्याचे पेपर तुमच्या नावावर आणि तुमचे दुसऱ्याच्या नावावर चढतात.

याच टप्प्यावर स्वतःला विचारा: हाच पेपर आत्ता आणखी कुठे पाठवलेला आहे का? दोन जर्नलना एकाच वेळी पेपर देणं चालत नाही, आणि ते उघडकीला येतं, कारण एका क्षेत्रातले रिव्ह्यूअर मोजकेच असतात. एकीकडून लेखी मागे घेतल्याशिवाय दुसरीकडे द्यायचा नाही.

तपासणी दोन: जर्नल खरं आहे का

हे पैसे वाचवणारं पाऊल आहे, म्हणून इतकं वर. पंधरा मिनिटं लागतात.

आधी एक जुनी समजूत काढून टाका. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०१९ मध्ये आली, तिचं काम पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालायचं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल पारखण्याचे निकष संस्थांनी स्वतः ठरवायचे आहेत. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर "यूजीसी केअर लिस्टेड, तीन दिवसांत प्रकाशन" अशी पत्रकं फिरतात. बंद झालेल्या यादीच्या नावाने जो पेपर मागतो, त्याच्यापासून लांब राहायला एवढं कारण पुरे. दुसरं असं की पीएचडीसाठी पेपर छापलेला असलाच पाहिजे ही २०१६ च्या नियमांतली सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली. काही विद्यापीठांनी आपली अट ठेवलेली असू शकते, म्हणून पीएचडी सेक्शनमध्ये जाऊन आताचं परिपत्रक पाहा. निम्मी घाई तिथेच उतरते, आणि चुकीच्या जर्नलला पेपर जातो तो या घाईपायीच.

आता जर्नलकडे. आयएसएसएन क्रमांक आहे म्हणजे दर्जा आहे असं नव्हे. तो फक्त ओळखक्रमांक आहे, साध्या वार्तापत्रालाही मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे संदर्भ सरासरी किती घेतले जातात, म्हणून जो आकडा जगात मानतात तो क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालातला. नावाला "ग्लोबल", "सायंटिफिक", "युनिव्हर्सल" असं शेपूट लावलेले बाकीचे आकडे विकत मिळतात. स्कोपस या संशोधन-सूचीतली जर्नलांची यादी फुकट पाहता येते. तिथे नुसतं नाव शोधून थांबू नका, "कव्हरेज"ची वर्षं वाचा. "२०१४ ते २०१९" असं लिहिलेलं असेल तर ते जर्नल यादीतून गेलंय, आणि जाहिरातीत मात्र अजून "स्कोपस इंडेक्स्ड" असणार.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे नक्कल केलेली साईट. जर्नल खरं, जुनं, नावाजलेलं, पण तुम्हाला आलेली लिंक भलत्याच साईटची. नाव तेच, आयएसएसएन तोच, संपादक मंडळही तेच चिकटवलेलं. म्हणून मेलमधल्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून कधीच जायचं नाही. स्कोपस किंवा आयएसएसएन पोर्टलवरच्या नोंदीतून साईटवर जायचं. फी एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर किंवा मोबाईल नंबरवर मागितली तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

यादीत नाव आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. हिंदावी ही ओपन अ‍ॅक्सेसमधली मोठी प्रकाशनसंस्था वायलीने २०२१ मध्ये घेतली, आणि २०२३ या एका वर्षात तिचे आठ हजारांहून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. त्यातले बरेचसे विशेषांकांतले होते. आपल्याकडच्या परिषदांच्या विशेषांकांनाही हीच कसोटी लावा. वनस्पतिशास्त्र, मराठी कविता आणि जीएसटी एकाच अंकात असेल तर त्यातले पेपर रिव्ह्यू कोणी केले असतील?

इथे थांबा: पैसे भरून झालेत आणि आता शंका येतेय, अशी स्थिती असेल तर पुढच्या तपासण्या सोडा आणि सगळ्यात शेवटचा भाग वाचा.

तपासणी तीन: विषय तिथे बसतो का

जर्नलच्या साईटवरचा "एम्स अँड स्कोप" हा मजकूर सगळे वाचतात, पण तो इतका सैल लिहिलेला असतो की त्यात काहीही बसतं. त्याऐवजी गेल्या दोन वर्षांतल्या अंकांच्या अनुक्रमणिका उघडा आणि स्वतःच्या पेपरमध्ये खरोखर संदर्भ म्हणून घेता येतील असे तीन लेख शोधा. एकही सापडत नसेल तर जर्नल चुकलं. सापडले तर ते वाचा आणि तुमच्या प्रस्तावनेत आणा. तुम्ही कोणत्या चर्चेत भर घालताय ते एडिटरला लगेच कळतं.

"आमच्या कॉलेजात ती जर्नलं उघडत नाहीत" ही अडचण खरी आहे, पण आता आधीइतकी नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नलं सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना त्यातून वाचता येतात. तुमची संस्था त्यात आहे का ते ग्रंथालयात विचारा. नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस बसून काम होतं.

स्थानिक विषयाचं काय, हे नेहमी विचारलं जातं. एका तालुक्याचा अभ्यास आहे म्हणून कोणी पेपर परत करत नाही. त्या तालुक्यातून जे कळलं त्याचा बाहेरच्या वाचकाला उपयोग काय, हे पेपरमध्ये कुठेच नसतं म्हणून करतात. आणि काही विषयांचं घर मराठीतच आहे. मोडी कागदपत्रांवरचं काम इंग्रजी "मल्टिडिसिप्लिनरी" जर्नलला पाठवून काय मिळणार? भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या ठिकाणी ते वाचणारा आणि चूक काढणारा माणूस तरी भेटेल. तिथे छापलेलं प्रमोशनच्या गुणांत कसं धरतात ते आधी विचारून घ्या, एवढंच.

तपासणी चार: फाईल

कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्या दिवसात उरकतं.

लेखकाचं नाव लपवून रिव्ह्यू करणारं जर्नल असेल तर नाव कुठे कुठे राहिलंय ते शोधा. पहिल्या पानावरून काढलेलं असतं. ऋणनिर्देशात राहतं, "माझ्या आधीच्या अभ्यासात" या वाक्यात राहतं, वर्ड फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहतं, आणि फाईलच्या नावात तर हमखास: "शिंदे पेपर फायनल फायनल २". प्रॉपर्टीजमध्ये कधीकधी टायपिंग करून देणाऱ्या दुकानाचं नाव निघतं, तेही काढा.

मराठी मजकूर असेल तर फॉन्ट पाहा. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेखमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. सिमिलॅरिटीच्या सॉफ्टवेअरलाही तो कचराच दिसतो, त्यामुळे अहवालात शून्य टक्के आले म्हणून खूश होऊ नका. सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर एकदा पूर्ण वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

आलेख एक्सेलचा स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका; जर्नलं साधारण ३०० डीपीआयचं चित्र मागतात. एथिक्स, निधी, हितसंबंध, डेटा कुठे मिळेल, आणि एआयचा वापर ही घोषणापत्रं एकेक भरा. "लागू नाही" असेल तर तसं लिहा, रकाना रिकामा सोडू नका. एआयचं साधन लेखक म्हणून चालत नाही, हे प्रकाशन-नैतिकतेची समिती कोपने २०२३ मध्येच स्पष्ट केलंय. वापर केला असेल तर कशासाठी केला ते जर्नलच्या नियमाप्रमाणे सांगा.

तपासणी पाच: सिमिलॅरिटी

"सर, नऊ टक्के आहे, मग का परत आला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात.

दहा टक्क्यांचा आकडा यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतला आहे. तितक्यापर्यंतचं साम्य किरकोळ मानून त्यावर दंड नाही, एवढाच त्याचा अर्थ. जर्नलचा एडिटर टक्के नंतर पाहतो, आधी अहवालातले रंगीत पट्टे पाहतो. नऊ टक्के जर दोनशे ठिकाणच्या तुटक शब्दांतून आले असतील तर काही नाही. तेच नऊ टक्के निष्कर्षातल्या सलग दोन परिच्छेदांचे असतील तर पेपर संपला. उलट, पद्धतीच्या भागात ठरावीक वाक्यं असल्याने अठरा टक्के आलेला पेपरही रिव्ह्यूला जातो. म्हणून पहिल्या पानावरचा आकडा सोडा. पूर्ण अहवाल घ्या, आणि सगळ्यात लांब सलग पट्टा कुठे आहे तो पाहा.

तो पट्टा बऱ्याचदा तुमच्याच प्रबंधाचा निघतो. प्रबंध शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहात, गेला की सॉफ्टवेअरला तो सापडणारच. प्रबंधातून पेपर काढणं योग्यच आहे, पण तसं पेपरमध्ये आणि कव्हर लेटरमध्ये सांगावं लागतं. परिषदेच्या विशेषांकात आधीच छापलेला मजकूर मात्र पुन्हा नवीन म्हणून देता येत नाही.

टक्के कमी करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते मजकूर शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात. २०२१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेपरांतली विचित्र इंग्रजी गोळा करून दाखवली: आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं "काउंटरफिट कॉन्शसनेस" झालेलं, ब्रेस्ट कॅन्सरचं "बुझम पेरिल". आता अशा शब्दांवर लक्ष ठेवून असतात. शिवाय मराठी पुस्तकातला उतारा इंग्रजीत करून घातला तर सॉफ्टवेअरला सापडणार नाही, पण तीही चोरीच, आणि तेच पुस्तक वाचलेला रिव्ह्यूअर निघाला की पळायला जागा नसते.

तपासणी सहा: संदर्भयादी

यादीतला प्रत्येक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाईन क्रमांक, उघडून पाहा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एआयला विचारून घेतलेल्या संदर्भांत लेखक खरा, जर्नल खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असं सर्रास होतं. असा एक जरी सापडला तरी एडिटर बाकीचा पेपर वाचत नाही, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. संदर्भ एपीए पद्धतीने लिहायचे की व्हँकुव्हर, ते झोटेरो या सॉफ्टवेअरवर सोडा. फुकट आहे, आणि जर्नल बदललं की सगळी यादी एका क्लिकवर बदलते. यादीतला सगळ्यात नवीन लेख दहा वर्षांपूर्वीचा असेल तर तपासणी तीनकडे परत जा.

तपासणी सात: शीर्षक, गोषवारा, कव्हर लेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर बिघाड बहुधा इथे आहे. यावर दोन-तीन दिवस सुखाने घालवा.

आपल्याकडचं शीर्षक साच्यातून निघतं: "अ क्रिटिकल स्टडी ऑफ प्रॉब्लेम्स अँड प्रॉस्पेक्ट्स ऑफ अमुक, विथ स्पेशल रेफरन्स टू तमुक तालुका". विद्यापीठात विषय नोंदवताना ते चालतं, कारण तिथे फक्त हद्द सांगायची असते. जर्नलला प्रश्न हवा असतो, जमलं तर उत्तरही.

समजा विषय महिला बचत गटांचा आहे. येतो तो गोषवारा साधारण असा असतो: "भारत हा कृषिप्रधान देश आहे. महिला सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका महत्त्वाची आहे. प्रस्तुत पेपरमध्ये बचत गटांच्या समस्यांचा अभ्यास करण्यात आला आहे. त्यासाठी प्राथमिक व दुय्यम साधनांचा वापर केला आहे. शेवटी काही सूचना केल्या आहेत." पाच वाक्यं झाली आणि काय सापडलं ते अजून कळलेलं नाही. कोणत्याही जिल्ह्यातल्या कोणत्याही गटाला हाच गोषवारा लागू पडेल.

मी समोर बसवून विचारतो, "तुम्हाला स्वतःला काय कळलं ते मराठीत सांगा, कागद न बघता." मग एखादी सांगते, "सर, गटाचं कर्ज व्यवसायासाठी म्हणून घेतात, पण हप्ता मजुरीच्या पैशातून जातो. व्यवसाय चाललेला नसतो तरी परतफेड शंभर टक्के दिसते." झाला की पेपर! बँकेच्या तक्त्यात यश दिसतंय आणि घरात नाही, हे सोळाव्या पानावरच्या तक्त्यात लपवून ठेवायची गोष्ट आहे का? तेच पहिल्या दोन वाक्यांत आणायचं: परतफेडीच्या प्रमाणावरून गटांचं यश मोजतात, हप्ता येतो कुठून हे त्यात दिसत नाही. मग किती गट, कोणता काळ, माहिती कशी घेतली. मग मुख्य आकडा. शेवटी, त्यामुळे कोणत्या समजुतीला धक्का बसतो.

हे सांगताच येत नसेल, कागद न बघता एक वाक्यही निघत नसेल, तर अडचण गोषवाऱ्याची नाही. सरळ तपासणी नऊवर जा.

कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे. एडिटरचं नाव साईटवर असतं, ते लिहा. एडिटर बाई असताना "रिस्पेक्टेड सर" जातं. आधीच्या जर्नलचं नाव पत्रात तसंच राहिलंय का ते पाहा, हे वाटतं त्यापेक्षा फार वेळा होतं. "माझी पीएचडी सबमिट करायची आहे, कृपया लवकर स्वीकारावा" ही ओळ काढा. ती वाचून कोणी घाई करत नाही, उलट पेपर का पाठवलाय ते कळतं.

तपासणी आठ: आकडेवारी

इथे खर्च आणि कष्ट दोन्ही वाढतात.

सामाजिक शास्त्रं आणि वाणिज्यातल्या पेपरांत नमुना ३८४ चा असतो. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून येतो, मोठ्या लोकसंख्येसाठी, पाच टक्के त्रुटी धरून. आकडा बरोबर आहे, पण तो यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्यासाठी आहे. गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ३८४ उत्तरं जमवली की तो तक्ता लागू होत नाही. एडिटर हे पहिल्या वाचनात ओळखतो. उपाय सोपा आणि थोडा लाजवणारा आहे: नमुना सोयीचा होता असं स्पष्ट लिहा, आणि निष्कर्ष "महाराष्ट्रातील ग्राहक" वरून खाली, तुमच्या उत्तरदात्यांपर्यंत आणा. अशी मर्यादा सांगणारे पेपर रिव्ह्यूला जातात.

बाकी नेहमीचे यशस्वी कलाकार: तीस जणांच्या नमुन्यात दोन दशांशांपर्यंत टक्केवारी, काय-वर्ग चाचणीत अपेक्षित वारंवारता पाचाच्या खाली असलेले रकाने, आणि पंधरा परिकल्पना तपासून पंधराही "सिद्ध".

इथे थांबा: कोणती चाचणी का लावली हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नसेल तर पुढे रेटू नका. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालवून तक्ते काढून देणारा माणूस आणि संख्याशास्त्रज्ञ यांत फरक आहे. विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात जा, मूळ डेटा घेऊन जा, प्रश्नावली घेऊन जा. वैद्यकीय किंवा औषधांचा विषय असेल तर हे लेखाच्या आधी नाही, डेटा गोळा करण्याच्या आधी करायचं काम आहे. एथिक्स समितीची मंजुरी नंतर आणता येत नाही. ती नसेल तर तो पेपर कोणत्याही चांगल्या जर्नलला जाणार नाही, आणि त्यावर माझ्याकडे काही इलाज नाही.

तपासणी नऊ: संशोधन

कधीकधी खरोखर तेच कारण असतं. प्रश्नाचं उत्तर आधीच छापलेलं असतं, किंवा एका पेपरचं काम चार तुकड्यांत वाटल्याने प्रत्येक तुकड्यात काहीच उरलेलं नसतं. तुकडे जोडता येतात. ते सोडून बाकीचं मला ठरवता येत नाही, ग्रंथपालाचं ते कामही नव्हे. तुमच्या विषयातला, तुमच्या विद्यापीठाबाहेरचा, तुम्हाला बरं वाटावं अशी ज्याला गरज नाही असा माणूस शोधा आणि त्याला विचारा. वेगवेगळ्या तीन जर्नलांनी न वाचता परत केल्यावरही चौथ्या जर्नलकडे पाठवण्याआधी हे करायलाच हवं.

कोणाला बोलवायचं, कोणाला नाही

भाषा सुधारून देणाऱ्याकडे सगळ्यात शेवटी जा. इंग्रजी अडखळते म्हणून परत येतात ते पेपर मी थोडे पाहिलेत. नवीन काय ते न सांगणारे फार. सफाईदार इंग्रजीत लिहिलेला रिकामा पेपर रिकामाच राहतो, वर पैसेही जातात. "प्रकाशनाची हमी" देणारा किंवा लेखकांच्या यादीत जागा विकणारा कोणीही असो, फोन ठेवून द्या.

एडिटरच्या निर्णयावर अपील करायचं ते फक्त तथ्याची चूक दाखवता येत असेल तर. "माझ्या मेहनतीचा विचार व्हावा" हे अपील नव्हे.

खोट्या जर्नलमध्ये पेपर अडकला असेल तर आणखी पैसे देऊ नका, "विथड्रॉवल फी" मागितली तरीही. कॉपीराईटच्या फॉर्मवर सही केली नसेल तर करू नका. पेपर मागे घेत असल्याचा मेल पाठवा, सहलेखकांना प्रत ठेवा आणि तो मेल जपून ठेवा. मग गाईडमार्फत विभागाच्या शैक्षणिक सचोटी मंडळाला लेखी कळवा. २०१८ च्या नियमांप्रमाणे विभाग आणि संस्था या दोन्ही पातळ्यांवर अशी मंडळं असायला हवीत. तोच पेपर दुसरीकडे देता येईल का, याचा सल्ला त्यांच्याकडून लेखी घ्या, तोंडी नको. नक्कल साईटला पैसे गेले असतील तर ही सायबर फसवणूक आहे: बँकेला आणि १९३० या हेल्पलाईनला त्याच दिवशी कळवा, उशीर केला तर पैसे अडवणं अवघड जातं.

आणि कोणाकडेही जाताना, मग तो संख्याशास्त्रज्ञ असो की तुमच्या कॉलेजचा ग्रंथपाल, तीन गोष्टी बरोबर न्या: नकाराचा पूर्ण मेल, पोर्टलवरच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट, आणि पोर्टलने तयार केलेली पीडीएफ. लॅपटॉपवरची वर्ड फाईल नको. एडिटरने ती पाहिलेली नसते, आणि त्या पीडीएफमध्ये तक्ता तीन कुठे गेला हे बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळतं.